तारवाल्याचं शेत

त्याला अख्खी गल्ली बत्तीशी म्हणायची. स्वतःच्या तोंडात धड निम्मे दात उरले नव्हते, पण उभी हयात त्याने दुसऱ्यांच्या कवळ्या बनवण्यात घालवली, म्हणून बत्तीशी. दातांच्या दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडून हा गृहस्थ मेणात दात बसवत असायचा. पुढच्या खोलीत लोक आरशासमोर नव्या दातांनी हसून बघायचे, डॉक्टरचे आभार मानायचे आणि घरी जायचे. मागे कोणी बसलंय हे त्यांच्या गावीही नसायचं. याला त्याचं काही वाटायचं नाही. आपण बनवलेल्या दातांनी कुणीतरी आत्ता कडक टोस्ट चावतंय, एवढ्यावर तो खूश. माणूस असा अल्पसंतुष्ट असला की सगळी कुरकुर बायकोला एकटीला करावी लागते, आणि त्याची बायको ती मनापासून करायची.

निवृत्त झाल्यावर लोक पेपर वाचतात, फिरायला जातात, सुनेच्या कामात खोड्या काढतात. बत्तीशीने युद्ध पुकारलं. तेही जेवणाच्या टेबलावर, आधी अर्ध्या आणि मग पुऱ्या. करंगळीएवढे सैनिक आणि वीतभर लांबीच्या मालमोटारी मांडून तो लढाईचे देखावे बनवू लागला. या छंदातली बाकीची मंडळी गाड्यांवर जीव टाकतात. कोणत्या गाडीच्या दाराला कशी कडी, यावरून त्यांच्यात हमरीतुमरी होते. बत्तीशीचा जीव मात्र जमिनीत. गाडीचं काय, खोक्यातून भाग येतात, चिकटवले की झाली, असं तो म्हणायचा. खालची जमीन कुठल्याच खोक्यात मिळत नाही.

आणि ती तो अशी करायचा की बघणाऱ्याला आपल्या चपला झटकाव्याशा वाटत. थर्माकोल कापून चढउतार, त्यावर जबड्यांच्या साच्याचं पिवळट प्लास्टर, ते ओलं असतानाच गाडीचं सुटं चाक फिरवून उमटवलेले माग. चहाचा चोथा वाळवला की झाला कुजका पाचोळा. जुना दोरखंड पिंजला की वाळकं गवत. तपकिरी रंगाचं पातळ पाणी सोडलं की ते भेगांत उतरायचं, आणि कोरडा ब्रश वरवर फिरवला की ढेकळांच्या कडा ऊन पडल्यासारख्या उजळायच्या. शेवटी सगळ्यावर पातळ गोंदाचा फवारा. हे काम शेवटी येत असलं तरी या छंदातला तो पहिला नियम: देखाव्यातला एक कणही सुटा राहता कामा नये. सुटी माती म्हणजे शुद्ध गबाळेपणा. देखावा उलटा धरला तरी त्यातून काही पडता कामा नये, असं त्यांच्या क्लबचे अध्यक्ष सांगायचे आणि खरोखरच उलटा धरून बघायचे.

"पिठाची चाळणी कुठाय?" बायकोने विचारलं की बत्तीशीला अचानक कमी ऐकू यायचं.

"अहो, तुमच्याशी बोलतेय. सापडली मला, हिच्यात खडी निघालीय."

"खडी नाही ती. बारीक वाळू आहे. धुतलेली आहे."

"धुतलेली आहे ना? मग आज तीच वाढते पानात."

असं म्हणायची आणि संध्याकाळी आपल्या जुन्या ब्रशचे केस कापून त्याच्या हातात ठेवायची, बांधावरच्या गवतासाठी. कुरकुर वेगळी आणि माणूस वेगळा, हा हिशेब तिचा पक्का होता.

घरात तिसरं माणूस म्हणजे आई. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुऊन, वाळवून, वॉर्डांत अंथरुणं घालून तिने या मुलाला वाढवलं. त्याचे वडील त्याच्या जन्माआधीच लढाईत गेले. ते टेलिफोनच्या तारा टाकायचे. पाठीवर तारेचं रीळ घेऊन या चौकीपासून त्या चौकीपर्यंत चालायचं, हे त्यांचं काम. पलटणीत त्यांना तारवाला म्हणत. एका शेतात तार टाकताना तोफगोळ्याचा तुकडा लागला आणि ते तिथेच पडले. त्याच संध्याकाळी पलटणीला मागे सरकण्याचा हुकूम आला. सकाळी ते शेत शत्रूच्या हद्दीत होतं. आईकडे ना देह आला, ना जाऊन चार घटका बसावं अशी कुठली जागा कळली. आला तो एक माणूस.

तो माणूस म्हणजे भट्टीवाले काका. ते पलटणीचे स्वयंपाकी. जेवणाचे डबे घेऊन त्या शेतातून पुढच्या चौकीकडे निघालेले असताना त्यांना तारवाला पडलेला दिसला. डबे खाली ठेवून जे बसले, ते संध्याकाळपर्यंत त्याच्यापाशीच बसून राहिले. पुढची चौकी उपाशी राहिली. "जन्मभराच्या शिव्या मी त्या एका दिवसात खाल्ल्या," असं ते सांगायचे, "पण एकही अजून पचायची राहिलेली नाही." युद्ध संपल्यावर ते पत्ता शोधत आले. "वहिनी, शेवटी मी होतो त्याच्यापाशी," एवढं म्हणाले, आणि मग त्यांचा पाय निघेना. गल्लीच्या टोकाला त्यांनी पावाची भट्टी घातली, तिथेच संसार थाटला. सकाळचा पहिला गरम पाव लहानग्या बत्तीशीचा. शाळेत पालकांना बोलावलं की कोपरापर्यंत पीठ लागलेले काका हजर. कवळ्यांच्या कामावर चिकटवून दिलं तेही त्यांनीच. बत्तीशीला वडील नव्हते, पण वडिलांची जागा कधी रिकामी राहिली नाही. याची जाण त्याला लहानपणापासून होती. बोलून दाखवायला गेलं की काका म्हणायचे, "पाव खा. गार होतोय."

एक दिवस आई टेबलापाशी येऊन उभी राहिली. नवा देखावा नुकताच पूर्ण झाला होता. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हे शेत आहे का रे?"

"नाही आई. नदीकाठ आहे."

"ह्यांचं शेत करता येईल तुला?"

इतक्या वर्षांत आईने त्या जागेविषयी चकार शब्द काढला नव्हता. काकांनाही कधी विचारलं नव्हतं. "मला एकदा बघायचंय," ती म्हणाली, "कुठे निजले ते." आणि आपल्या खोलीत निघून गेली. बाकीच्या देखाव्यांत काही चुकलं तर क्लबमधली चार माणसं नाक मुरडणार, याहून जास्त काय होणार होतं? इथे तसं नव्हतं. इथे तो जे बनवेल, तेच आईसाठी खरं होणार होतं. या वयात ती जे शेत बघेल, तेच डोळ्यांत घेऊन जाईल. ते खोटं निघालं तर ते खोटं त्याच्या हातचं असणार होतं.

त्याने काकांना गाठलं. भट्टी आता त्यांची मुलगी चालवायची आणि काका दुपारी नुसतेच दारात खुर्ची टाकून बसायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"येतो," मग म्हणाले. "पण डोंगरांची नावं वगैरे विचारायची नाहीत. हातात डबे असले की माणूस खाली बघूनच चालतो. मला खालचं तेवढं ठाऊक."

"मला खालचंच हवंय, काका."

मग रोज दुपारी काका टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे आणि जमीन सांगायचे. उतार कुठून कुठे होता. बांध कुठे फुटला होता. गाडीच्या मागांत पाणी साचलं होतं, त्यात आभाळ दिसायचं. ती डबकी बत्तीशीने कवळीच्या पारदर्शक ॲक्रिलिकची केली. दगडांवरून मात्र दोघांची जुंपली.

"हे दगड फार शहाणे दिसतायत," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"ओळीने बसलेत. तुझ्या दातांसारखे. शेतातले दगड असे शिस्तीत बसतात का रे?"

बत्तीशी ओशाळला. जन्माची सवय, हात आपोआप दाढेपुढे दाढ मांडत गेले होते. त्याने सगळे उपटले आणि डोळे मिटून मूठभर भिरकावले. निम्मे शेतात पडले, निम्मे फरशीवर. बायकोने "झालं, वेड लागलं" असं म्हणत फरशीवरचे वेचून त्याच्या हातात दिले.

माणसं त्याने मेणात कोरली आणि ॲक्रिलिकमध्ये ओतली, कवळी करतात तशीच. काका मांडी घालून बसलेले, एक हात पुढे. वडील एका कुशीवर, गुडघे जरा दुमडलेले. घरात त्यांचा एकुलता एक फोटो होता. तो समोर ठेवून मसुराच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर बत्तीशीने नाक काढलं, कपाळ काढलं, कानाची पाळी काढली. कानशीने त्यांचा खांदा घासताना त्याला एकदम जाणवलं, की आपण वडिलांना पहिल्यांदाच हात लावतोय. तो तसाच बसून राहिला आणि मग पुष्कळ रडला. बायकोने ते पाहिलं, आणि त्या दिवशी चाळणीवरून एक अक्षर बोलली नाही.

सगळं झालं तेव्हा काकांनी चष्मा पुसून पुसून देखावा बघितला. "हेच," म्हणाले. "हेच ते. हा फुटका बांध... हेच." तसेच उठले आणि बत्तीशीच्या चपला घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला खुर्चीत बसवलं. काका आले, स्वतःच्या चपला इथेच राहिल्या होत्या म्हणून घरच्याच स्लिपरांत आले. बायको हात पुसत मागे उभी राहिली. बत्तीशीचा जीव टांगणीला लागला होता.

आईने चष्मा लावला. ती सावकाश बघत गेली, बांध, पाणी, तारेचं रीळ, खाली ठेवलेले जेवणाचे डबे. मग निजलेला माणूस.

"हे तुम्ही का, भाऊजी?"

"मी. केस काळे होते तेव्हा."

ती जरा हसली. "छान केलंस रे," मुलाला म्हणाली. "फार छान केलंस." बत्तीशीच्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात आईने हात पुढे केला आणि नवऱ्याच्या उशाशी, जिथे डोकं टेकलं होतं तिथे, नखाने वाजवून बघितलं. टक टक.

"एवढी कडक होती?" तिने विचारलं.



"नाही हो वहिनी," काका म्हणाले. "नांगरलेलं शेत ते. भुसभुशीत. माझे पाय घोट्यापर्यंत आत जायचे."

"मग हे असं का?"

"आई, ते प्लास्टर आहे," बत्तीशी म्हणाला. "ते फक्त दिसायला—"

"दिसायला बरोबरच असेल रे. पण हे निजले होते ना त्याच्यावर." ती मुलाची समजूत घालावी तशा आवाजात बोलत होती. "किती माणसांची अंथरुणं घातली मी तिथे रुग्णालयात. कडक गादीवर आजारी माणसाला झोप येत नाही." मग पुन्हा एकदा म्हणाली, "छान केलंस," आणि उठून गेली. ते खोटं नव्हतं, पण त्याने बत्तीशीच्या काळजाला घरं पडली.

इतके दिवस डोळ्यांत तेल घालून त्याने जमिनीचा रंग जुळवला होता, ओल जुळवली होती, सावली जुळवली होती. जमीन जमिनीसारखी दिसली की झालं, हे त्याच्या छंदाने त्याला शिकवलं होतं. तिच्यावर कुणाला पडून राहायचंय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. काकांच्याही आलं नाही. दोघंही बघणारे, आणि ती अंथरूण घालणारी.

दुपारी त्याने करवत काढली.

"अहो, पुरा झालाय तो!" बायको ओरडली. "क्लबवाले बघायला येणारेत!"

"धर जरा टेबल," तो म्हणाला. तिने धरलं.

दोन्ही माणसं चाकूच्या टोकाने सोडवून घेतली. वडिलांची एक टाच तुटली, ती नंतर जोडली. मग बांधापासून डबक्यापर्यंतचं सगळं प्लास्टर त्याने कापून, ठोकून, उचकटून काढलं. तिथे बशीएवढा खड्डा झाला. आता त्यात काय भरायचं? स्पंज दाबला की उसळी मारायचा. लाकडाचा भुसा फार हलका. कागदाचा लगदा वाळला की पुन्हा टणक. शेवटी खरीच माती, दुसरा इलाज नव्हता. कुंड्यांतली माती आणली, तर तिच्यात किडे. किडे मारायला ती भाजायला हवी, म्हणून काकांनी ती पावाच्या पत्र्यावर पसरून भट्टीत सरकवली. त्यावरून त्यांच्या मुलीने बापाला जे सुनावलं, ते ऐकून गल्लीतलं कुत्रंही जागचं उठलं. काका मात्र खुशीत. फार दिवसांनी त्यांना भट्टीशी उभं राहायला मिळालं होतं.

माती चाळली, पुन्हा पिठाच्याच चाळणीने. थोडा चहाचा चोथा, वाळून दगड होऊ नये म्हणून ग्लिसरिनचे थेंब. काका चिमटीत धरून बघायचे.

"अजून जरा. धरली की राहिली पाहिजे, सोडली की सुटली पाहिजे."

तशी झाली तेव्हा ती खड्ड्यात भरली. आणि गोंद मारला नाही. बत्तीशीचा हात सवयीने फवाऱ्याच्या बाटलीकडे गेला खरा, पण त्याने ती बाटली कपाटात ठेवून दिली. अध्यक्षांना फोन करून सांगितलं की देखावा प्रदर्शनाला येणार नाही, त्यात सुटी माती आहे. मग अध्यक्षांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. "फार ठीक आहे," बत्तीशी म्हणाला.

देखावा आईच्या खोलीत, खिडकीपाशी ठेवला. या वेळी त्याने माणसं आपण ठेवली नाहीत. वडिलांना आईच्या तळहातावर दिलं.

तिने आधी बोटाने माती सारखी केली. एक खडा निघाला तो उचलून बाजूला टाकला. उशाकडे माती जराशी ओढून उंच केली. मग त्यांना कुशीवर ठेवलं आणि अंगठ्याने हलकेच दाबलं. माती खाली बसली, अंगाभोवती वर आली. खांदा आत गेला, डोकं आत गेलं.

"असेच," काका म्हणाले. "असेच होते, वहिनी."

"दुखत होतं का त्यांना?"

"आधी. मग नाही. मग नुसते पडून होते. डबक्यातल्या आभाळाकडे बघत होते."

आईने काकांचा पुतळा उचलला आणि इतका जवळ ठेवला की त्याचा पुढे केलेला हात नवऱ्याच्या दंडावर आला. मग ती खऱ्या काकांकडे वळली. "भाऊजी, मी तुमचे कधी आभारच मानले नाहीत."

"पाव घेत होतात की रोज."

"ते पावाचं झालं." तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून मी एवढी वर्षं रात्री डोळे मिटू शकले. आज जमीनही कळली. माझं सगळं झालं बघा." काकांनी मान खाली घातली. त्यांना पाव आठवेना, विनोद आठवेना, काहीच आठवेना. बत्तीशी आणि त्याची बायको दारात एकमेकांना धरून उभी होती. आपल्याला किती मिळालंय, हे त्या दुपारी त्याला असं उघड्यावर मांडून ठेवल्यासारखं दिसलं.

सकाळी तो चहा घेऊन आईच्या खोलीत गेला. कप पलंगाशेजारी ठेवताना खिडकीपाशी नजर गेली. शेत रिकामं होतं. मातीत एका माणसाचा ठसा होता, कुशीवरचा, गुडघे दुमडलेला, पण माणूस नव्हता. काकांचा पुतळा बांधापलीकडे, गावाकडे जाणाऱ्या वाटेवर नेऊन ठेवलेला होता. बत्तीशी खाली बसून टेबलाखाली चाचपू लागला. गोंद मारला असता तर पडलाच नसता, असं सारखं मनात येत होतं.

"काय शोधतोयस?" आई पलंगावर उठून बसली होती.

"आई, बाबा... बाबा कुठे पडले की काय."

"पडतायत कशाला? मी घेतलं त्यांना." तिने उशीशेजारची चादर जराशी बाजूला केली. घडी घातलेल्या रुमालावर ते निजलेले होते, कुशीवर, अंगाला अजून माती लागलेली. "संध्याकाळ झाली. भाऊजींना जायचं होतं, ते उठले. मग ह्यांनी एकट्यांनी तिथे कशाला राहायचं? घेऊन आले घरी."

बत्तीशी तसाच जमिनीवर बसला होता. आईने कप घेतला, फुंकर घातली आणि चहा प्यायली.